फळ्यावर नसलेलं काम

पुनमच्या कंपनीचं मोठं मशीन तीन महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी दहा ते एक, दुरुस्तीसाठी मिळतं. त्याला मेनफ्रेम म्हणतात. माझ्या मुलीनं ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. धरणगावच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत बसून ती ते सांभाळते. पन्नासेक दवाखान्यांतल्या रुग्णांच्या नोंदी त्यात असतात. कुणाला कोणतं औषध चालू, कुणाला कोणतं सोसत नाही. आतलं सॉफ्टवेअर बनवणारे लोक दोष सापडतील तशा दुरुस्त्या पाठवत राहतात. सगळ्या एकदम बसवता येत नाहीत. आधी कोणत्या, ते पुनम ठरवते.

यादी पक्की करण्याआधी ती प्रत्येक दुरुस्तीखालची सूचना मला मराठीत सांगते. मला त्यातलं फार कळतं असं नाही. पण मी मध्येच विचारतो, आणि सांगता सांगता तिची चूक तिलाच दिसते. तिची आई, रत्ना, म्हणते, बापलेकीचं हे पारायण संपेपर्यंत घरातली भाजी करपते.

त्या शनिवारी दुपारी नऊ दुरुस्त्या होत्या. आठ लहान, सगळ्या मिळून तीन तासांत होणाऱ्या. नववी एकटीच तीन तास खाणारी, कारण ती बसवल्यावर सगळी कामं थांबवून मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं.

नववी कशासाठी, मी विचारलं. दोघांनी एकाच क्षणी नोंद केली, तर क्वचित एकाचं औषध दुसऱ्याच्या पानावर लिहिलं जातं, ती म्हणाली. मशीनला ते समजत नाही, त्यामुळे ते ओरडतही नाही. सरावाच्या मशीनवर ही दुरुस्ती तिनं बसवून पाहिली होती. नीट चालली होती. पण तिचे साहेब स्वप्नील यांनी आठ लहान आधी उरका म्हणून सांगितलं होतं. बुधवारी तपासणी होती, आणि तपासणारे बाकी दुरुस्त्या मोजतात. आठ बाकी दिसल्या तर दोन वर्षं वाट पाहिलेली बढती गेली, हे पुनमला ठाऊक होतं.

"नाना, काय करू?"

पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं.

मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होतो. गुरुवारी दुपारी दोन तास मशीनं बंद असायची, तेव्हा दुरुस्ती. बेचाळिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात मी अक्षरं शिकलो, आणि मुकादम फळ्यावर लिहील ती कामं स्वतः वाचून एकेक पुसण्याची मला हौस लागली. एका गुरुवारी फळ्यावर सहा कामं होती. पट्टे, तेलपाणी, ओरडणारी एक बेअरिंग. कापूस दाबून गाठी बांधायच्या प्रेसचा ब्रेक लावल्यावरही वीतभर घसरतो, हे मी सकाळीच पाहिलं होतं. त्यालाच दोन तास लागले असते. पण ते फळ्यावर नव्हतं. मी सहा कामं केली, फळा कोरा केला. मुकादमानं पाठ थोपटली.

सोमवारी प्रेसवर काम करणारा चांद गाठीला बारदान लावत होता. प्रेस घसरला आणि त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. चांदचं लक्ष नव्हतं, असं सगळे म्हणाले. पुढे चांदही तसंच म्हणू लागला.

"ब्रेक घसरस, हाई माले माहीत व्हतं," मी म्हणालो.

पुनमनं माझी समजूत घातली नाही. तिनं स्वप्नीलसाहेबांना फोन लावला.

ते शांतपणे बोलत होते. "पुनम, आठ केल्या तर आठ दिसतात. ती एक केली तर काहीच दिसत नाही. आपल्याकडे तो दोष झालाय का कधी?"

"झाला असेल तरी मशीननं सांगितलं नसेल, सर."

"मग तसं लेखी दे. तुझ्या नावानं."

तिनं दिलं. रविवारी दहाला सुरुवात केली, बारा पन्नासला मशीन परत चालू झालं. कुणाचा फोन आला नाही, कुणाला काही वेगळं दिसलंही नाही. बुधवारी आठ लाल खुणा तिच्या नावापुढे लागल्या. संध्याकाळी साहेबांनी कळवलं, बढतीचं पुढच्या वर्षी बघू. तिनं बरं म्हटलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"चांदचाचाले तुम्ही सांगशात, का मी सांगू?"

शुक्रवारी नमाजानंतर मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून डाव्या हातानं लसूण सोलत होता. मला पाहून म्हणाला, या फिटरसाब, कारखाना बंद पडून जमाना झाला तरी तुमच्या सदऱ्यावरचा तेलाचा डाग जात नाही. मी हसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. ब्रेक, गुरुवार, फळा, सगळं.

त्याचा हात थांबला. घरात नसीमभाभी भांडी घासत होत्या. चांदनं बायकोला हाक मारली.

"पच्चीस साल से ये मुझे बोलती है, तेराच ध्यान नहीं था. मैं भी हाँ बोलता." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "इसके सामने फिर से बोल."

नसीमभाभी ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.