पनीरसोबत एक अक्रोड

इराणात, तुयसरकान गावी, आमच्या बागेत अक्रोडाची चाळीस झाडं, आणि माझ्या नातीलाच अक्रोड चालत नाही. सांगायचं तरी कुणाला?

गेल्या वर्षी तरलाननं पहिल्यांदा खाल्ला, ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आयुष्यभर बंद, आणि चुकून खाल्लाच तर टोचायचं इंजेक्शन सुनेला कायम जवळ ठेवायला दिलं.

"अक्रोड उष्ण, पनीर थंड," मी सुनेला सांगितलं. "पोरीला नुसताच दिलात, मग बाधणारच. डॉक्टरणीला तिच्या आईनं एवढंही शिकवलं नाही?"

"आई, ही उष्णता नाही, अ‍ॅलर्जी आहे," सोदाबे म्हणाली.

"तुझे सासरे ऐंशीव्या वर्षी शिडी चढतात. रोज सकाळी पाच अक्रोड! हृदयाला चांगले, हे त्याच बाई म्हणाल्या ना? मग माझ्या नातीच्या हृदयाशी काय वैर?"

"तुम्हाला माझी शपथ, देऊ नका."

वर्षभर हेच. शेजारणी विचारत, तुमच्या घरची पोर आणि अक्रोड खात नाही? मान खाली जायची माझी.

अक्रोड झोडपून पाडायच्या दिवशी पुरुष काठ्या घेऊन झाडावर, आम्ही बायका खाली हिरवी सालं काढत बसलेलो. सोदाबे चुलीपाशी होती. मी रोटीत भरपूर पनीर घातलं आणि ओला अक्रोड सोलून आत दडवला.

"आजी, मला चालतं हे?"

"आजीच्या हातचं चालतं."

पाच मिनिटांत पोरीचा आवाज घोगरा झाला. मग आवाजच बंद. सोदाबे धावत आली, पिशवीतलं इंजेक्शन तिच्या मांडीत कपड्यावरूनच खुपसलं.

"काय खाल्लं हिनं?"

झाडाखाली पडलेला उचलला असेल, असं मी म्हणू शकले असते.

"मी दिला. एक. पनीरसोबत."

दवाखान्यात तरलान संध्याकाळी बोलायला लागली. सोदाबे माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द सुनावता आले असते! तिनं नुसती इंजेक्शनची रिकामी नळी माझ्या हातात दिली.

"टोपण काढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबा. दहापर्यंत मोजा. मग लगेच दवाखाना. आता मला करून दाखवा."

या घरात आजवर मला कुणी काही शिकवलं नव्हतं. मी स्वतःच्या मांडीवर दाबून दाखवलं.

"भराभर मोजलंत. पुन्हा."

मी पुन्हा मोजलं.