नवसाबाई बॅटरी घेतात

"मावशी, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?" दुकानदार दिनेशने घाबरून विचारलं.

नवसाबाई काउंटरपाशी डोळे गच्च मिटून उभ्या होत्या. हातात निळी बॅटरी होती आणि अंगठा तिच्या अंगावरून फिरत होता.

"मला काय होतंय? बटण शोधू राहिले."

"अहो, डोळे उघडा ना! समोरच तर आहे."

"लाईट गेल्यावर तू येशील का दाखवायला?"

बटण सापडलं. दाबल्यावर बॅटरी पेटली. पुन्हा दाबलं तर विझायच्या ऐवजी मंद झाली आणि तिसऱ्यांदा दाबल्यावर लुकलुकायला लागली. नवसाबाईंनी डोळे उघडले आणि ती बॅटरी बाजूच्या ढिगावर ठेवली. त्या ढिगात आधीच्या सहा होत्या.

"मावशी, पाच मोड आहेत तिच्यात. अर्धा किलोमीटर फोकस जातो!"

"माझं घर दोन खोल्यांचं हाय. अर्ध्या किलोमीटरवर कोणाला बघू?"

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक हसलं आणि म्हणालं, "आजी, मोबाईलला असते की बॅटरी."

"मोबाईल कुठं ठेवलाय ते शोधायला मला बॅटरी लागती, बाळा."

माणसांना वाटतं, म्हातारी विक्षिप्त आहे. पण नवसाबाईंचं निम्मं आयुष्य नापास करण्यात गेलं होतं. मखमलाबादच्या माळ्याच्या या लेकीला लग्नाआधी मेथीच्या जुड्या बांधण्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. नवरा, मोतीराम, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये होता. तो अचानक गेला, पदरात सहा वर्षांचा समाधान होता, आणि नवऱ्याच्या जागी त्यांना कामावर घेतलं. चोवीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून पोस्टाच्या तिकिटांचे कागद तपासले. रंग केसभर सरकला, भोकांची रांग वाकडी गेली, की कागद बाजूला. साहेब घाईला आले तरी त्यांनी कधी भीड धरली नाही. बॅटरीची काय कथा!

आठवी बॅटरी काळी, जाडजूड आणि दिसायला अगदी ओबडधोबड होती. दिनेशने ती जरा लाजतच काढली. एकच बटण. दाबलं की पेटे, दाबलं की विझे. बूड सपाट, त्यामुळे उभी राहत होती, आणि अंगाला कंगोरे असल्याने आडवी ठेवली तर घरंगळत नव्हती. सेलही साधे, गल्लीतल्या किराणा दुकानात मिळणारे. नवसाबाईंनी ती पेटवली, कमरेइतक्या उंचीवरून हात सोडला आणि खुशाल फरशीवर पडू दिली.

"अहो मावशी!" दिनेश किंचाळला.

बॅटरी पडली तिथे पेटलेलीच राहिली.

"दे. अशा तीन दे."

"एकाच घरात तीन?"

"अंधार काय एकाच खोलीत येतो?"

रविवारी समाधान पुण्याहून गाडी घेऊन येणार होता, आईला कायमची न्यायला. घर भाड्याने द्यायचं, एजंटशी बोलणं झालंय, हे त्याने फोनवर सांगून टाकलं होतं. विचारलं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी संध्याकाळी लाईट गेली, नवसाबाई पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद होतं, "अंधारात एकटीनं राहायचं नाही."

त्या कशामुळे पडल्या, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीत समाधाननेच एक चार्जिंगची भारी बॅटरी आणून दिली होती. त्या संध्याकाळी नवसाबाईंनी ती पेटवली, चुकून बटण परत दाबलं गेलं आणि सगळं घर फडफडायला लागलं. क्षणात लख्ख, क्षणात काळोख. बंद करायला जावं तर ऐकेना. डोळ्यांपुढे भिंती हलल्या, उंबरा कळला नाही आणि त्या हातावर आपटल्या. पोराने हौसेने आणलेल्या वस्तूने आपला हात मोडला, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? फरशी ओली होती म्हणून सांगून त्या मोकळ्या झाल्या. पण घर सोडायचं? चोवीस वर्षांच्या पगारातून घेतलेलं घर? ते त्यांच्या मनाला कदापि पटेना.

तिन्ही बॅटऱ्या त्यांनी दोरीने टांगल्या. एक पलंगाच्या उशाशी, एक दाराजवळ, एक स्वयंपाकघराच्या चौकटीला. मग रोज दुपारी डोळ्यांवर पदर बांधून घरभर फेऱ्या सुरू झाल्या. शेजारची ललिता वाटीभर साखर मागायला आली तेव्हा हा प्रकार बघून दारातच थबकली.

"काकू, हे काय नवीन?"

"परीक्षा हाय रविवारी," नवसाबाई म्हणाल्या आणि पदर न सोडताच तिला साखर काढून दिली.

रविवारी समाधान आला, सोबत सून राखी आणि सहा रिकामी खोकी. दोघांनी मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावले. दुपारभर नवसाबाईंनी खोक्यांना हात लावला नाही आणि त्या दोघांनाही लावू दिला नाही. साडेसात वाजले तेव्हा समाधानचा धीर सुटला.

"आई, पुरे आता. निघायचंय आपल्याला."

"तुम्ही निघा. मी येणार नाय."

राखी समजुतीने म्हणाली, "आई, आमच्याकडे जनरेटर आहे. लाईट गेलेली कळतसुद्धा नाही. तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

"तेच तर नको हाय मला."

"अगं, हात मोडून घेतलास तू!" समाधान म्हणाला.

"मोडला. जुळला पण." नवसाबाई उठल्या, दारामागे गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

फ्रिजची घरघर थांबली. घरात डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला.

"आई! काय करतेस?"

"लाईट घालवली. बसा जागेवर. चहा करते, तो प्या आणि मग काय ते बोला."

पावलं गेली, मोजून टाकल्यासारखी. खट् आवाज झाला आणि स्वयंपाकघर उजळलं. ओट्यावर उभ्या केलेल्या बॅटरीचा झोत छतावर पडून खाली सगळीकडे पसरला होता. भांडं वाजलं, गॅस पेटला, आलं ठेचल्याचा आवाज आला. बाहेरच्या खोलीत मात्र अंधारच होता. समाधानला राहवेना. चाचपडत त्याने शोकेसमधली आपली दिवाळीची बॅटरी काढली आणि पेटवली. झोत थेट राखीच्या डोळ्यांवर गेला. तिने "अहो!" केलं, त्याने घाईने बटण दाबलं आणि खोली फडफडू लागली. तो दाबत राहिला. उठायला गेला तर गुडघा टीपॉयवर आपटला आणि तो कळवळला.

"दाबू नको नुसतं," आतून आवाज आला. "तीन मोजेपर्यंत दाबून धर, मग विझती ती."

त्याने दाबून धरलं. विझली.

"तुला कसं माहीत?" त्याने विचारलं.

आत कपांत चहा ओतल्याचा आवाज आला.

"त्या दिवशी माहीत नव्हतं मला," नवसाबाई म्हणाल्या. बोलायचं नव्हतं, बोलून गेल्या.

ट्रे घेऊन त्या आल्या तेव्हा बॅटरी मनगटाला लटकत होती आणि एकही कप हिंदकळला नव्हता. समाधानने आईच्या मनगटाकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता.

"म्हणजे हिच्यामुळे? मग सांगितलं का नाहीस?"

"तू कौतुकानं आणली होतीस रे. वाईट वाटलं असतं तुला."

"वाटतंयच की आता," तो कसाबसा म्हणाला. चहा संपत आला तेव्हा त्याने हळूच विचारलं, "आणि परत पडलीस तर?"

"पडेन की. तुझ्याकडं पण पडेन. पण तिथं तुम्ही मला उचलाल आन् परत उठूच देणार नाय. हितं मी पडले, उठले, मोडका हात धरून रिक्षानं दवाखान्यात गेले. कोणी नव्हतं बरोबर. हे माझं घर हाय, समाधान. अंधार पडला म्हणून मी ते सोडू काय?"

समाधानने उठून मेन स्विच वर केला. मग तो आत गेला, मोबाईल घेऊन आला आणि एजंटला फोन लावला. "भाड्याने द्यायचं नाही," म्हणाला. "नाही, नंतरही नाही. आई राहते इथं."

रिकामी खोकी एकात एक घालून दोघं निघाली. जिन्यातला दिवा चार दिवसांपासून गेलेला होता आणि घर तिसऱ्या मजल्यावर होतं. नवसाबाई बॅटरी घेऊन कठड्यापाशी उभ्या राहिल्या. "जेवून जा रे," हे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण घड्याळात साडेआठ झाले होते आणि पुणं लांब होतं. त्यांनी ते गिळले. पोरगा जातोय याचं वाईट वाटत होतं, आणि आपण राहतोय याचा आनंदही होता.

"सावकाश. मधली पायरी फुटकी हाय," त्या वरून ओरडल्या. मुलाच्या पावलांपुढे एकेक पायरी उजळत त्यांनी झोत खाली नेला. वळणावर तो दिसेनासा झाला, तेव्हा त्या वाकल्या आणि हात आणखी लांब केला.

"पोचलो, आई! जा आत आता," तळातून समाधानचा आवाज आला.

"जाते," त्या म्हणाल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, फाटक वाजलं, आवाज रस्त्याला लागून विरला. नवसाबाईंचा जुळलेला हात भरून आला होता, तरी रिकाम्या जिन्यावर त्यांनी उजेड धरून ठेवला होता.