तवंदीचा घाट आणि झेंडूची माळ

पणजी बैलगाडी, आजोबा टांगा, वडील तीनचाकी टेम्पो. आणि त्यांच्यामागून वडगावच्या विणकराच्या दारात येऊन उभी राहिली ती मी, जीप. मित्रांनो, सरळ बसा आणि नीट ऐका. आमच्या घराण्यात रडगाणे गायची रीत नाही. मात्र मला भीती वाटली, हे मी सांगणार आहे. भीती न जाणणारी गाडी घाटात कामाची नसते.

विणकर मारुतीरावांनी मला घरी आणले, तेव्हा त्यांच्या पत्नी मालुबाई यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बॉनेटवर हळदकुंकू लावले. त्या दिवसापासून यंत्रमागावरच्या साड्यांचे गठ्ठे घेऊन मी निपाणी आणि कोल्हापूरच्या बाजाराला धावू लागले. दुकानदार मला लांबून ओळखत. मी तरुण होते आणि मला त्याचा गर्व होता.

तो गर्व पहिल्याच वर्षी तवंदीच्या घाटात उतरला. ऐन उतारावर माझे ब्रेक गेले. आत मारुतीराव आणि मालुबाई, मागे साड्यांचे ओझे, एका अंगाला खोल दरी. चाके माझीच, पण ती माझे ऐकेनात. पुढे तंबाखूची पोती भरलेली एक म्हातारी लॉरी चालली होती. माझा हॉर्न ऐकून तिच्या ड्रायव्हरने, परशरामने, आरशात पाहिले. त्याला पुढे निघून जाता आले असते. त्याने लॉरी माझ्या पुढ्यात धरली, मला तिच्या पाठीवर टेकू दिले आणि हळूहळू ब्रेक दाबत आम्हा दोघींनाही थांबवले. लॉरीचा मागचा फाळका चुरला.

मारुतीरावांनी हात जोडले. परशराम हसून म्हणाला, "हात कशाला जोडतायसा, आण्णा? माझी म्हातारी, तुमची पोर. म्हातारीनं पोरीला पाठीवर घेतलं, झालं. उद्या तुमची म्हातारी झाली की तिनं कुणाला तरी घ्यावं."

ती लॉरी मला पुन्हा कधी दिसली नाही. तिचे ऋण मात्र माझ्या चॅसिसमध्ये गंजासारखे घर करून राहिले.

वर्षे गेली. मारुतीराव गेले. माल दुसऱ्यांच्या मोठ्या गाड्यांतून जाऊ लागला आणि माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. मग यंदा मालुबाईंची नात रक्षा विजेवर चालणारी नवी गाडी घेऊन आली. ना धूर, ना घरघर. ती अंगणात शिरली तरी कोंबड्या हलत नसत, इतकी मुकी.

"आज्जी, पुढं काय आलं तर ही आपली आपणच थांबती," रक्षा कौतुकाने सांगे. "काचंमागं डोळा हाय तिला."

"आनि नको तितं थांबली म्हंजे?" मालुबाईंनी विचारले.

"न्हाय गं थांबत!"

मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते. मला तिच्या डोळ्याची भीती वाटली, कारण तो फक्त पुढे पाहत होता. तेवढ्यात माझ्याविषयीही निर्णय झाला. रस्त्यावर धावायची माझी मुदत संपली होती. दसरा झाला की मालुबाईंचा मुलगा, रक्षाचा बाप शिवराज मला कोल्हापूरला मोडीत देणार होता. तोडलेल्या गाड्यांची हाडे मी रस्त्याकडेला पाहिली होती. त्या दिवसापासून कुणी लोखंड ठोकले तरी माझे पत्रे थरथरत.

खंडेनवमीला मालुबाईंनी आम्हा दोघींना झेंडूच्या माळा घातल्या. नवीची माळ चांगली लांब, या आरशापासून त्या आरशापर्यंत. दसरा झाल्यावर रक्षा ती काढायला गेली, तर मालुबाई कडाडल्या, "हात लावू नगंस! पुजेची माळ वाळून आपसूक गळती. आपन काढायची न्हाय."

त्या घराची ती रीतच होती. ती मोडायची कुणाची छाती?

माझ्या पाठवणीच्या सकाळी मालुबाई हट्टाने नव्या गाडीत बसल्या. "माज्या संसाराची गाडी हाय. घालवाय मी येनारच." मला शिवराज चालवत होता. त्याला परत आणायला रक्षा नव्या गाडीतून पुढे आणि मागे मी, अशा आम्ही निघालो.

तवंदीच्या घाटात दाट धुके होते. उतार लागला, वारा सुटला आणि वाळून सैल झालेली ती माळ उडून काचेवर, नेमकी त्या डोळ्यासमोर आली. पुढे कुणी आडवे आले असे समजून नवी गाडी भर रस्त्यात जागच्या जागी थांबली. रक्षाने पुढे रेटले की माळ हले आणि गाडी पुन्हा थांबे.

"पप्पा, ऐकंना ही!" रक्षा ओरडली.

तोच मागून धुक्यात ट्रकचा घोगरा आवाज आला. मित्रांनो, माझ्या बाजूला मोकळी जागा होती. पळ, असे माझे प्रत्येक चाक म्हणत होते. पण शिवराजने मला नव्या गाडीच्या पाठीशी अंतर ठेवून उभी केली, गिअर घातला, हँडब्रेक ओढला, पुढची चाके डोंगराकडे वळवली आणि उडी मारून तो धावला.

"आई, उतर!"

"गुडघा अडकलाय, निघंना रं, शिवा!"

रक्षा नि शिवराज त्यांना ओढून काढत असतानाच ट्रक माझ्यावर आला. त्याचे ब्रेक किंचाळले. मग माझी पाठ आत गेली, काचा उडाल्या आणि मी फरफटत पुढे सरकले. थांबले तेव्हा माझ्या आणि नव्या गाडीच्या मध्ये एक हात मावेल एवढीच जागा उरली होती. तिन्ही माणसे कडेला उभी होती, धडधाकट. ट्रकवालाही खाली उतरला.

मित्रांनो, उद्याच्या गाड्या तुमच्याहून शहाण्या असतील, असू देत. पण त्यांच्या डोळ्यांवर काय पडले आहे, हे निघण्यापूर्वी तुम्ही पाहत जा. आणि मागून कोण येते आहे, तेही. ही विनंती नाही, आज्ञा आहे.

मालुबाई लंगडत नव्या गाडीपाशी गेल्या. काचेवरची माळ त्यांनी क्षणभर पाहिली आणि स्वतःच्या हाताने ओढून काढली. मग ती माझ्या चेपलेल्या पाठीवर ठेवून त्या मला थोपटत राहिल्या.

"परशरामाच्या म्हातारीचं फिटलं गं बाई," त्या म्हणाल्या. "समदं फिटलं."