लहान चक्र आतल्या अंगाला

मी एक जुना बोल्सचा चेंडू आहे. जुना म्हणजे निकामी नव्हे हं, मित्रांनो! अंगावर चार चरे पडलेत, पण चाल अजून तीच आहे.

आणि ती चाल वाकडी आहे. कारखान्यात मला मुद्दामच तसं घडवलं. माझ्या एका कुशीवर लहान चक्र कोरलंय, दुसऱ्या कुशीवर मोठं. वेग मंदावला की मी लहान चक्राच्या बाजूला वळतो. सरळ काय, कुणीही जातं! आमच्या खेळात जॅक नावाचा छोटा पांढरा चेंडू लांब ठेवतात आणि वळसा घेऊन त्याच्याजवळ जायचं असतं. जो सर्वांत जवळ, त्याचा गुण.

आम्ही चौघे भाऊ एका शिंपीणबाईंच्या घरी आलो. दिवसभर त्या लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि संध्याकाळी आम्हाला हिरवळीवर न्यायच्या. पंधरा वर्षं त्या देशाकडून खेळल्या. किती विमानतळ पाहिले मी! तपासणीवाला पिशवी उघडून विचारायचा, "हे काय, तोफगोळे?"

"पोरं आहेत माझी," बाई म्हणायच्या. "गुणी आहेत."

मग बाईंच्या गुडघ्याने दगा दिला. ओल्या, उंचसखल हिरवळीवर पाय टाकवेना. त्यांचं नाव संघातून गेलं आणि आमची रवानगी कपाटात, चिंध्यांच्या बोचक्याखाली झाली. तीन वर्षं कुणी हात लावला नाही. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. शेवटी बाईंची धाकटी बहीणच चिडली. "ताई, सभागृहात गालिच्यावर हाच खेळ खेळतात. जमीन कशी सपाट! ऊठ बघू."

गालिच्यावर आम्ही सुसाट पळायचो आणि वळायचोही जास्त. बाई पन्नाशी उलटल्यावर सगळं नव्याने शिकल्या. दोन वर्षांनी निवडीचा सामना आला. देशाच्या संघात जागा एक आणि दावेदार दोघी. "इथे हरले, तर पुन्हा कोण विचारतंय मला?" बाई बहिणीला म्हणाल्या.

शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत बाई पुढे होत्या. त्यांनी मला फडक्याने पुसलं आणि गुणफलकाकडे बघत बघतच सोडलं. लहान चक्र बाहेरच्या अंगाला! मला कळत होतं, पण चेंडूला तोंड कुठलं? जॅककडे पाठ फिरवून मी डुलत डुलत थेट शेजारच्या पट्ट्यात, भलत्याच लोकांच्या खेळात घुसलो. काय हशा पिकला! बाईंची आघाडी गेली, बरोबरी झाली.

"आता तो मेला आधी टाकून मोकळी हो," कठड्यापलीकडून बहीण म्हणाली. "शेवटाला ठेवू नकोस. दगाबाज आहे!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा जीव तिळतिळ तुटला.

"त्याला कशाला बोलतेस?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तो बरोबरच गेला. मीच उलटा धरला."

आणि त्यांनी शेवटच्या फेरीत मलाच शेवटी ठेवलं. माझे तिन्ही भाऊ जाऊन बसले. समोरच्या खेळाडूचा एक चेंडू जॅकपासून जेमतेम वीतभर होता. बाईंनी मला उचललं, चक्रावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "चल रे."

मी लांबून गेलो, झोकात वळलो, त्या चेंडूला बगल दिली आणि जॅकला जाऊन टेकलो. जॅकला शिवणाऱ्यावर खडूची खूण करतात. पंचांनी ती माझ्या पाठीवर ओढली तेव्हा बहीण कठड्यावरून अर्धी आत लोंबकळत होती.

पुढे आम्ही सहा देशांत खेळलो आणि अजूनही खेळतो आहोत. तेव्हा मित्रांनो, आपल्या वस्तू पुसा, कोरड्या ठेवा, जागच्या जागी ठेवा. पण एखाद्या दिवशी काम बिघडलं, तर मुक्या वस्तूवर खापर फोडू नका. माझ्या बाईंसारखं चारचौघांत सांगा, "मीच उलटा धरला." ते ऐकल्यावर मी त्यांच्यासाठी भिंतीलासुद्धा वळसा घातला असता!