मधली रेघ

“जीभ आतून गालाला लाव. दाबून धर,” ल्वान पाचवा म्हणाला. “कातडी सैल राहिली की रेघ फाटते.”

तुंगने जीभ लावली. त्यामुळे त्याला बोलता येईना. त्याच्या वाटचं त्याची बायको रोंग बोलत होती.

“बाबा, पुरेल ना जागा?”

“पुरवतो.”

“पुरवतो म्हणजे काय? पुरेल की नाही ते सांगा.”

“तू पाणी तापव आधी.”

तुंगच्या डाव्या गालावर वरून खाली तीन चिनी अक्षरं होती: क्रमांक, एक, तुकडी. सहा वर्षांपूर्वी ल्वाननेच ती गोंदली होती. तेव्हा तुंग त्याचा जावई नव्हता. सुभेदाराच्या पहिल्या तुकडीत भरती झालेला, राळ्याची पेज शिजवणारा एक आचारी होता. सुभेदाराचा हुकूम असा होता की आचारी, मोतद्दार, भिस्ती, सगळ्यांचे गाल गोंदायचे. गोंदलेला माणूस पळून गेला तरी कुठेही ओळखू येतो.

तांग घराणं बुडून चाळीस वर्षं झाली होती. राजधानीत सध्या कोण सम्राट आहे, हे या शहरातल्या लोकांना हुकमाच्या पहिल्या ओळीवरून कळे, आणि ती ओळ वारंवार बदले. शहराचे सुभेदारही बदलत. ल्वानचे चौघे मोठे भाऊ चार वेगवेगळ्या सुभेदारांसाठी मेले होते. पाचवा वाचला, कारण त्याच्या हातात सुई होती आणि प्रत्येक सुभेदाराला गोंदणारा लागे. त्याचा स्वतःचा गाल कोरा होता.

दोन दिवसांपूर्वी शहर पडलं. नव्या सुभेदाराने वेशीवर हुकूम लावला. पहिल्या तुकडीने तहाची बोलणी चालू असताना त्याच्या भावाला बाण मारला होता, म्हणून पहिल्या तुकडीचा जो सापडेल त्याचं डोकं उडणार. दुसऱ्या तुकडीने वेस उघडून दिली होती, तिला चाकरीत घेतलं जाणार. तिसरी तुकडी म्हणजे शहर पडायच्या आदल्या दोन दिवसांत खेड्यांतून धरून आणलेले शेतकरी. त्यांनी घरी जावं. ज्याचा गाल भाजलेला किंवा खरवडलेला असेल तो पहिल्या तुकडीचा समजला जाईल. मोजणी तीन दिवसांनी. तोवर वेशी बंद.

तिसऱ्या तुकडीचे ते शेतकरी तटाची भिंत कोसळली त्याच संध्याकाळी, भगदाडावर पहारा बसायच्या आत, त्यातून आपापल्या गावी निघून गेले होते. शहरात त्यांच्यातला एकही उरला नव्हता.

गोंदलेलं पुसता येत नाही. वाढवता येतं. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. हे रोंगच्याच डोक्यात आलं होतं, पहाटे विहिरीवर.

पण तीनमध्ये मधली रेघ सगळ्यांत आखूड असते आणि खालची सगळ्यांत लांब. तुंगच्या गालावरची रेघ लांब होती. ती खालची धरून वर दोन नव्या काढायच्या, तर वरच्या अक्षराखाली जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी जागा होती. ल्वानने तीन सुयांची जुडी सोडली आणि एकच सुई घेतली. एका रेघेला एरवी लागतो त्याच्या चौपट वेळ लागला. मग त्याने जुनी अक्षरंही गिरवली, म्हणजे सगळं एकाच दिवशी गोंदल्यासारखं सुजेल. सूर्य छपरावर आला तेव्हा त्याने ओल्या फडक्याने गाल टिपला आणि मागे सरकून पाहिलं.

“आता जीभ काढ.”

“कसं झालंय?” तुंगने विचारलं.

“नीट झालंय.”

“बाबा कधी कुणाच्या कामाला नीट म्हणत नाहीत,” रोंग नवऱ्याला म्हणाली. “वाचलात तुम्ही.”

तुंग हसायला गेला आणि गाल धरून बसला.

दुपारी दारात दोघे उभे होते. दोघेही पहिल्या तुकडीचे. तासाभराने अंगणात माणसं मावेनात. कोणी कोणाला सांगितलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या बायका विहिरीवर रोंगबरोबरच पाणी भरत होत्या.

रोंगने दार लोटून घेतलं आणि बापाला आत ओढलं. “बाबा, एक माणूस लपतो. इतके लपत नाहीत. परत पाठवा त्यांना.”

“परत कुठे पाठवू?”

“मला माहीत नाही. माझा एकच नवरा आहे.”

“त्यांचेही गाल मीच गोंदलेत, पोरी,” ल्वान म्हणाला आणि अंगणात जाऊन चटई पसरली.

अडतीस जण होते. एकेकाला अर्धा दिवस देणं शक्य नव्हतं. त्याने सुयांची जुडी पुन्हा बांधली आणि सोपा मार्ग धरला: जुन्या रेघेच्या वर एक, खाली एक, आणि जुनं सगळं वरवर गिरवायचं. हात भराभर चालला.

“पाचवेकाका, मला दोनच करा,” रांगेतला एक धनुर्धारी म्हणाला. “दुसऱ्या तुकडीला डुकराचं मटण मिळतं म्हणे.”

“दुसरी तुकडी तुझं थोबाड ओळखते,” मागचा म्हणाला. “तुझ्याकडून जुगारात हरलेत सगळे. तुला मटण नाही, तुझंच मटण करतील.”

लोक हसले. त्यांतल्या कोणी दोन दिवसांत पोटभर खाल्लं नव्हतं.

अकराव्या माणसाचा गाल पुसताना ल्वानच्या लक्षात आलं. जुनी लांब रेघ आता मधली झाली होती. ज्याला अक्षर कळतं त्याला हा तीन चुकीचा दिसला असता. त्याने सुई थांबवली. दहा गालांवर तो तसा होऊन गेला होता, आणि पुढे सत्तावीस जण उभे होते. ज्याला वाचता येतं तो शिपायांच्या गालांकडे कधी बघत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि बारावा माणूस बोलावला.

मोजणीच्या दिवशी धान्यकोठारासमोरच्या पटांगणात सगळ्यांना बसवलं होतं. नव्या सुभेदाराचा सरदार घोड्यावरून उतरलाच नाही. त्याला दुपारपर्यंत कूच करायचं होतं. राजधानीत पुन्हा काहीतरी बिनसलं होतं. काम चिटणीस शाओ करत होता. हा तिशीतला, स्वच्छ बाह्यांचा माणूस प्रत्येक गालासमोर वाकून बघे, आणि वाकताना बाही चिखलाला लागू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरी.

अर्ध्या तासाने त्याने ल्वानला बोलावणं धाडलं.

“या शहरात गोंदणारे तुम्ही एकटेच?”

“होय साहेब.”

“पहिल्या तुकडीचे चाळीसेक लोक कुठे मेलेले सापडत नाहीत. आणि तिसऱ्या तुकडीचे, जे सगळे पळाले असं ऐकतो, ते एकोणचाळीस इथे बसलेत. सगळ्यांचे गाल ताजे.”

“तिसरी तुकडी आत्ताचीच, साहेब. ताजे असायचेच.”

“तेही खरं.” शाओने मान डोलावली. “यातल्या अडतीस जणांच्या तीनमध्ये मधली रेघ लांब आहे. असा तीन कोणी लिहीत नाही. एक आधी होता आणि त्याचा तीन केला, तर मात्र असा होतो. एका माणसाचा तेवढा बरोबर आहे. म्हणून विचारतो, तुम्ही तीन कसा लिहिता?”

त्याने फळी पुढे केली. शाईची वाटी आणि कुंचला शिपायाने आणून ठेवला.

तुंग दुसऱ्या रांगेत होता. त्याने गुडघे जवळ घेतले होते. गालाची सूज उतरली होती आणि अक्षरं स्वच्छ दिसत होती. ल्वानने त्याच्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. धनुर्धारी जमिनीकडे बघत होता.

बरोबर तीन लिहिला की तुंग खरा ठरतो, अडतीस जण खोटे. चुकीचा लिहिला तर अडतीस जण खरे. मग तुंगचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे होतं. म्हणायचं, हात आहे, एखाद्या वेळी बरोबरही पडतो. हे उत्तर पुरेल असं त्याला वाटलं. निदान पुरावं, असं वाटलं.

त्याने वरची रेघ काढली. मधली रेघ तिच्यापेक्षा लांब ओढली. खालची आखूड ठेवली. पन्नास वर्षांत कुंचल्याने त्याने असं अक्षर कधी लिहिलं नव्हतं, आणि हात अडखळला, तोही उपयोगी पडला.

शाओने फळी उचलून नीट पाहिली. “हे कोणाकडे शिकलात?”

“वडिलांकडे. त्यांनाही वाचता येत नव्हतं, साहेब. दिसलं तसं काढत आलो.”

“आणि इतकी वर्षं कोणी बोललं नाही?”

“गाल ज्याचा त्याला स्वतःला दिसत नाही, साहेब. बाकीच्यांना काय पडलंय.”

घोड्यावर बसलेला सरदार हसला. “सोड रे त्यांना, शाओ. अडाण्यांचं शहर आहे. चल, उशीर होतोय.”

“अडतीस जणांचं पटलं,” शाओ म्हणाला. त्याने बाही धरून तुंगकडे बोट केलं. “मग हा कोणाचा हात?”

“तोही माझाच,” ल्वान म्हणाला. “एखाद्या वेळी बरोबर पडतं.”

“एखाद्या वेळी अक्षर बिघडतं, म्हातारबुवा. एखाद्या वेळी सुधारत नाही. वरच्या दोन रेघा केसासारख्या बारीक आहेत, बसवून काढलेल्या. हा तुमचाच हात असेल तर तुम्हाला तीन येतो. तसा लिहा पुन्हा. लिहिलात तर तुमचा.”

कुंचला पुन्हा त्याच्या हातात आला. तो त्याने शाईत बुडवला. जास्तीची शाई वाटीच्या कडेला निथळू दिली. पुन्हा बुडवला.

“त्यांचा नाही,” तुंग म्हणाला.

तो उभा राहिला होता. शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तरी तो बसला नाही.

“मी पहिल्या तुकडीचा आहे. आचारी. रांजणातल्या पाण्यात बघून माझं मीच केलं. म्हाताऱ्याकडे गेलो होतो, तर त्याने हाकलून दिलं.”

“स्वतः? पाण्यात बघून?”

“मुळ्याचे इतके बारीक काप करतो मी, साहेब. दोन रेघा काय.”

शाओने वाकून त्याच्या गालावरच्या रेघा पुन्हा पाहिल्या. “पाण्यात सगळं उलटं दिसतं, पण तीनला उलटं-सुलटं नसतं,” तो म्हणाला. “जमेल.” मग त्याने सरदाराकडे पाहिलं. सरदाराने लगाम ओढून घोडा वळवला होता आणि जाता जाता हातानेच खूण केली.

तुंगला कोठाराच्या मागे नेलं. जाताना तो ल्वानच्या अगदी शेजारून गेला, पण ओळख दाखवली नाही. फार वेळ लागला नाही. अडतीस जणांना उठून घरी जायला सांगितलं.

कोठाराच्या फाटकाबाहेर बायका उभ्या होत्या. माणसं एकेक करून बाहेर आली आणि बायका त्यांना घेऊन निघून गेल्या. धनुर्धारी रोंगजवळून जाताना थबकला, वाकला, आणि पुढे गेला. ल्वान सगळ्यांच्या मागून आला.

रोंगने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. शिपाई फाटक लावत होते. फाटक पूर्ण लागेपर्यंत ती बघत राहिली.

“तुम्ही तर ह्यांचंच सगळ्यांत नीट काढलं होतं ना, बाबा?”

“हो,” ल्वान म्हणाला. “सगळ्यांत नीट.”

ती वाटेतच खाली बसली. सैन्य निघालं होतं. दाणागोट्याच्या बैलगाड्या कोपऱ्यावरून वळून येत होत्या. ल्वान तिच्यापुढे वाटेत उभा राहिला आणि हात वर करून एकेका गाडीवानाला बाजूने जायला सांगू लागला.