फळीवरची आई

वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या डब्याला टेकून धाकट्याची आई बसलेली असे. म्हणजे फोनमध्ये. परदेशात शिकायला आलेल्या, वसतिगृहात सगळ्यांत लहान असलेल्या या पोराने घरी कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नव्हतं. आल्याआल्या त्याने "अंडं उकडलं हे कळतं कसं?" एवढंच विचारायला आईला व्हिडिओ कॉल लावला, आणि तो कॉल पुढे बंदच झाला नाही. आई झोपते कधी, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

आधी ती फक्त धाकट्यावर नजर ठेवून होती. पण डोळ्यांदेखत कोणी खरकटी ताटली सिंकमध्ये टाकून निघालं, तर गप्प बसेल ती आई कसली!

"ए लंबू! ती ताटली काय तुझे आजोबा येऊन घासणार?"

लंबू म्हणजे शेजारच्या खोलीतला ताडमाड मुलगा. त्याला मराठीचा गंधही नव्हता. तरी तो जागीच थिजला, मुकाट्याने मागे फिरला आणि ताटलीबरोबर सिंकही घासून गेला.

मग काय, आईचं राज्यच सुरू झालं. पोरं सिनेमाला जाताना फळीपुढे उभी राहून परवानगी मागू लागली. कोणी प्रेमात पडलं की त्या मुलीला आधी फोनपुढे हजर करायचं, असा रिवाज पडला. शेवटी वॉर्डनबाई तणतणत आल्या. बाहेरच्या व्यक्तीला स्वयंपाकघरात राहता येत नाही, असं त्यांनी फोनला बजावलं.

"मी बाहेरची?" आई म्हणाली. "आणि तुमचा चेहरा का हो असा उतरलाय? सकाळपासून काही पोटात गेलंय का?"

वॉर्डनबाई स्टुलावर बसून ढसाढसा रडल्या. जाताना कोठीच्या खोलीची किल्ली फोनपुढे ठेवून गेल्या. आता तांदूळ काढायचा तरी आईला विचारावं लागे.

तिच्या हाताखाली सगळी पोरं मराठीसकट शिकून तयार झाली. लंबू तर कांदा असा बारीक चिरी की बघत राहावं. धाकटा मात्र होता तिथेच राहिला. इतरांना ती एकदाच सांगे, याला मात्र, "शेगडी बंद केलीस? दाखव. जवळून दाखव."

रविवारी एकेकाने सगळ्यांसाठी रांधायचं, असं ठरलेलं होतं. धाकट्याची पाळी आली. आज आईने सांगून करवलं तर आपण म्हातारे होईपर्यंत अंड्यासाठी फोन लावत बसणार, असं त्याच्या मनात आलं. त्याने धीर करून फोन उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

एकच गदारोळ उठला. "आईला भिंतीकडे बसवतोस?" लंबू अंगावर धावून आला. वॉर्डनबाईंनी तर कपाळावर हात मारला.

"असू दे रे," भिंतीकडून आवाज आला. "मी भिंत बघते. बोलणार नाही एक अक्षर. रंग मात्र उडालाय हो बाई."

मग ती खरंच गप्प झाली. त्या शांततेत धाकट्याने भात चढवला. भातात पाणी जास्त झालं. बटाटे परतताना कांदा करपला, स्वयंपाकघरभर धूर झाला. आता ती ओरडणार, म्हणून तो वाट बघत राहिला. कोणीच ओरडलं नाही. त्याने स्वतःच शेगडी बंद केली, खिडकी उघडली आणि जे होतं ते वाढलं. सगळे खाली मान घालून जेवले. लंबूने मागून घेतलं, पण तो लंबू होता.

ताटं उठल्यावर धाकट्याने फोन वळवला. समोर आई नव्हती. तिच्या खुर्चीवर बाबा बसले होते.

"आई कुठंय?"

"अंगणात. कढईत सारखं खरवडतोयस असा आवाज आला ना, तेव्हाच उठली. म्हणाली, मी इथे बसले तर माझ्या तोंडून काहीतरी जाईल. चपला घालायचीही शुद्ध नव्हती तिला. फेऱ्या मारतेय." बाबा पुढे वाकले. "काय सांगू तिला? जमलं?"

धाकट्याने कढईकडे पाहिलं. बुडाला काळा थर चिकटला होता. तो कसा काढायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आईला विचारावंसं त्याला इतकं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

"जमलं म्हणून सांगा," तो म्हणाला.

"हाक मारू तिला?"

"नको बाबा. आधी चपला नेऊन द्या."

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतः फोन ठेवला.