हेडसेट घ्यावा की घेऊ नये, याची वीस मिनिटं

घ्यावा, कारण धाकटा म्हणतो.

धाकटा म्हणजे भाऊ. दुकानात तो गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलतो, ताई मागच्या टेबलाशी बसून घड्याळं दुरुस्त करते. तीस वर्षं हीच वाटणी. बाजारात त्याला वकील म्हणतात, कारण त्याच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

"त्या भिंगापायी मान मोडून घेतेस," तो म्हणाला होता. "हा हेडसेट चष्म्यासारखा डोळ्यांवर चढव, ताठ बस. घड्याळ भिंतीएवढं दिसेल."

"भिंतीएवढं घड्याळ बघायचं तर भिंतीवरचं बघेन की."

"हस. एका महिन्यात तीन घड्याळं परत आली, तेव्हा हसत नव्हतीस."

घेऊ नये, कारण तेवढ्या किमतीत जुनी स्कूटर येते, आणि स्कूटरवर निदान दोघं बसतात.

घ्यावा, कारण त्या तीन घड्याळांबद्दल ताईला जे माहीत आहे ते धाकट्याला माहीत नाही. भिंगात डाग आहे. बरोबर मधोमध, राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढा. भिंग उजव्या डोळ्यात अडकवायचं, डावा डोळा उघडाच ठेवायचा पण त्याने काही बघायचं नाही, हे तिला बापाने शिकवलेलं. सहा महिने ती भिंग पुसत होती. कापडाने, स्पिरिटने, तोंडाच्या वाफेने. दोन नवी भिंगं आणली, तीही तशीच निघाली. हल्ली माल असाच येतो, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे तिने ते राहू दिलं.

घेऊ नये, की घ्यावा, ते बघायला दोघं शोरूममध्ये आली. वीस मिनिटं फुकट वापरून बघता येतो. ताईने डब्यातून एक उघडलेलं घड्याळ आणि चिमटा बरोबर आणला होता. काउंटरवरच्या मुलीने पट्टा आवळला.

"घट्ट होतंय का, मॅडम?"

"डोकं आत आहे ना, मग बरोबर आहे."

खोली दिसली. खोलीत हवेत टांगलेल्या चौकटी, त्यांत चित्रं. खाली तिचेच हात, पण क्षणभर उशिरा आल्यासारखे. तिने चिमट्याने घड्याळाचं चाक धरलं आणि सवयीने डोळ्यांजवळ आणलं. वीतभर अंतरावर आल्यावर चाकाचं धुकं झालं.

"फार जवळचं याला जमत नाही," मुलगी म्हणाली. "चित्र मोठं करता येतं, पण फार मोठं केलं की फुटतं."

"झालं," धाकटा म्हणाला. "खटला निकाली. काढ ताई, घरी जाऊ."

इथे तिने तो काढायला हवा होता. घेऊ नये, कारण जवळचं दिसत नाही. सरळ, स्वच्छ, कोणालाही सांगता येईल असं कारण. पण

"जरा काच पुसता का? मधे डाग आहे."

मुलीने पुसून दिला. डाग होता. पुन्हा पुसला. होता. मग तिने मागून दुसरा आणला, खोक्यातून काढून, वरचा कागद ताईसमोर सोलून. ताईने तो लावला. तांदळाचा दाणा मधोमध येऊन बसला.

"यातही आहे," ती म्हणाली.

"दोन्ही डागी?" बाहेरून धाकट्याचा आवाज चढला. "एवढी किंमत लावता आणि डागी माल दाखवता? बोलवा तुमच्या साहेबांना."

"सर, पहिला सकाळी मीच तपासलाय, आणि हा तर आत्ता खोक्यातून काढलाय."

"म्हणजे आमची ताई खोटं बोलते?"

घ्यावा, कारण हेडसेटच्या आत कोण कुठला डोळा मिटतंय ते बाहेरच्याला दिसत नाही. तिने उजवा मिटला. डाग गेला. खोली लख्ख. तिने उजवा उघडून डावा मिटला. डाग. पुन्हा करून बघितलं, घड्याळ कानाला दोनदा लावून बघावं तसं. बाहेर मुलगी अडखळत काहीतरी समजावत होती, तिचा आवाज रडवेला झाला होता, आणि साहेबांचे बूट जवळ येत होते.

घेऊ नये, कारण

घेऊ नये,

ताईने हेडसेट काढला.

"तिच्यावर ओरडू नकोस. काच स्वच्छ आहे. डाग माझ्या डोळ्यात आहे."

"काय?"

"उजव्या. भिंगाच्या."

आलेल्या साहेबांकडे बघून वकिलाने नुसताच हात हलवला, खिशातून फोन काढला आणि डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर शोधून लावला. स्पीकर सुरू केला, ताईलाही ऐकू यावं म्हणून.

"कधीपासून आहे?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"सहा महिने," ताई म्हणाली.

धाकट्याने तिच्याकडे बघितलं. ती काउंटरच्या काचेकडे बघत राहिली.

"सरळ रेघा वाकड्या दिसतात का?"

"कुठल्या रेघा?"

"समोर दार असेल तर त्याची चौकट बघा. चांगला डोळा झाकून."

ताईने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. दाराची चौकट वरून नीट खाली येत होती, आणि मधे कोणीतरी दोरी बांधून ओढल्यासारखी आत वळत होती.

"वाकते," ती म्हणाली. "मधे."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला, मग थांबला.

"आजच या. आत्ता निघालात तर बरं. गाडी तुम्ही चालवू नका."

"डोळा वाचेल ना?" धाकट्याने विचारलं, हळू, एकदाच.

"ते डॉक्टर तपासून सांगतील."

फोन बंद झाला. ताईने उजवा डोळा झाकून चौकट बघितली. सरळ होती. हात बदलला. वाकडी. पुन्हा बदलला. पुन्हा. तेव्हा धाकट्याने तिचं मनगट धरून हात खाली आणला.

"पुरे," तो म्हणाला. "चल."